बारा चौकोन

२ मार्च

ठिगळ चाललं! मी लिहिलेला प्रोग्रॅम एकदाचा चालला!

कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत ‘ठिगळ समुद्र’ एवढंच लिहिलं, एंटर दाबलं, आणि चहाचा कप ओठाला लावेपर्यंत बारा समुद्र एका पानावर हजर. चार चौकोनांच्या तीन ओळी, कडा सरळ, अंतर सारखं. आमचा डिझायनर, म्हणजे दाढीवाला, बघतच राहिला. हेच तो करतो तेव्हा अर्धा दिवस जातो — फोटोंच्या साइटवर शब्द टाक, एकेक फोटो उतरव, काप, चिकटव, मालकांना दाखव, आणि मालक म्हणणार ‘दुसरे बघ’. आता दुसरे हवेत तर दुसरा शब्द. ‘पण बटणं कुठायत?’ म्हणाला. बटणं नाहीत राजा! शब्द लिहायचा, झालं.

एक खोट राहिलीये. बारापेक्षा कमी फोटो सापडले की उरलेल्या चौकोनांत तेच ते परत भरतं. मालकांनी हौसेने ‘पाणघोडा’ लिहायला लावलं. साइटवर दोनच पाणघोडे. बाराही चौकोनांत तेच दोघं आळीपाळीने, तोंडं वासून. सगळा छापखाना हसत होता. उरलेले चौकोन कोरे ठेवायला हवेत. करीन सवडीने.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. नुसत्या शब्दाने चित्रं गोळा होतात हे तिला भलतंच आवडलं. सारी नोकरी ग्रंथालयात पुस्तकांना विषयाचे शब्द देण्यात गेली तिची, त्यामुळे लगेच शिकवणी सुरू. ‘शब्द पुस्तकाचा नसतो गं, शोधायला येणाऱ्याचा असतो. त्याच्या डोक्यात काय असेल ते ओळखून द्यायचा.’ बरं बाई! फोन ठेवताना म्हणाली, ‘खुडबुडी ती खुडबुडीच राहिलीस.’ घरातलं गजराचं घड्याळ उघडून त्याचे दात मोजत बसायचे तेव्हापासूनचं हे नाव. तिच्याशिवाय कोणी घेत नाही. एवढ्या मोठ्या बाईला अशी हाक मारतात का! पण बरं वाटलं.

३ मार्च

मालकांनी ‘यशस्वी माणूस’ शोधायला लावलं. बारा कोट, बारा घड्याळं, बारा जणांची एकच हाताची घडी. दाढीवाला म्हणाला, यातला एकही आपल्या ओळखीचा नाही.

५ मार्च

अक्षर बघ कसं वाकडंतिकडं येतंय.

नवं काम आलं. म्हाताऱ्या माणसांसाठी निवास चालवणाऱ्या एका संस्थेची जाहिरात. शहरातल्या बसथांब्यांवर मोठाली पोस्टरं लागणार, वर एकच ओळ — ‘कोणी येणार आहे का?’ मालक माझ्या खुर्चीमागे उभे, दाढीवाला शेजारी. मी लिहिलं: ठिगळ एकटी म्हातारी.

बारा बायका आल्या. दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरी — खिडकीशी बसलेली, गाल तळहातावर, खाली कुठंतरी बघतेय. ठिगळ फोटो मधोमध कापतं, त्यामुळे कपाळ अर्धं गेलेलं. मी आधी पडदा ओळखला. निळा. त्याची खालची कड मीच शिवली होती, घाईघाईत, वाकडी. मग हात ओळखला. मग आई!

माझी आई!

आणि नेमकं मालकांचं बोट त्याच चौकोनावर. ‘ही! हीच पाहिजे! बाकीच्या नटल्यात, ही खरी आहे. बघूनच कळतं, हिला कोणी विचारत नाही.’

दाढीवाल्याने मान डोलावली. मी काय केलं? मी ‘हो’ म्हणाले. हो म्हणाले आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

६ मार्च

फोटोखाली बारीक अक्षरात टाकणाऱ्याचं नाव असतं. ‘तिसरा मजला’.

आईचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे आई राहते आणि धाकटा भाऊ राहतो. त्याच्याशिवाय कॅमेरा कोणाकडे आहे? त्याचा स्टुडिओ बंद पडला, तेव्हापासून साइटवर काहीबाही टाकतो हे मला माहीत होतं. नळ, टोमॅटो, दारं, कुलपं. लोकांना कुलपांचे फोटो लागतात, ताई, म्हणायचा. मी हसायचे.

आणि ती साइट त्याला दाखवली कोणी? मी! खातं उघडून कोणी दिलं? मी! फोटोबरोबर शब्द कसे द्यायचे, हे त्याच्या शेजारी बसून दुपारभर कोणी शिकवलं? ‘चांगले शब्द दे म्हणजे फोटो पुढे येतो.’ दिलेन की चांगले शब्द. एकटी म्हातारी!

सख्खा भाऊ. मी सायकल शिकवलेला. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याच वह्या चोरून वाचणारा. नळ संपले, कुलपं संपली, मग घरात आई उरली होती.

नवऱ्याला फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाला, ‘फोटो चांगला आहे पण.’ तिथून उठून गेले. चांगला आहे हेच तर जळतंय. वाईट असता तर मालकांचं बोट पडलं नसतं.

७ मार्च

सुट्टी. सकाळपासून घरच्या लॅपटॉपवर ठिगळ घेऊन बसलेय.

साइट फोटो दाखवते पण त्याला काय काय शब्द दिलेत ते दाखवत नाही. टाकणाऱ्याचं पानही नाही तिथे. शब्द टाका, सापडलं तर तुमचं. म्हणजे एकच वाट — मीच शब्द टाकत जायचे आणि कोणत्या शब्दाला आई बाहेर येते ते बघायचं.

आजी — नाही. बारा गुबगुबीत आज्या, सगळ्यांच्या मांडीवर नातवंडं.

हसू — नाही. घर — नाही. माया — नाही.

खिडकी — आहे. वाट पाहणे — आहे. तिसऱ्याच चौकोनात! म्हातारपण — आहे. शांत — नाही. समाधान — नाही.

विसरलेली.

हा शब्द मी नुसता रागाने टाकला होता. सापडेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या चौकोनात सापडली. वेगळा फोटो, दाराशी स्टुलावर बसलेली, दार अर्धं उघडं.

कोण विसरलं तिला? दर महिन्याला जाते मी. दोन बस बदलून जाते. औषधं माझ्याकडून जातात, चष्मा मी केला, तो पडदा मी शिवला. वाकडा असेल, पण मी शिवला!

शेवटी टाकायचा राहिला होता तो शब्द टाकला. ठिगळ आई. बारा आया आल्या. पुढचं पान, बारा. त्याच्या पुढचं. साइट संपेपर्यंत बघितलं. ‘आई’ या शब्दाखाली माझी आई नाही.

८ मार्च

जेवण नको वाटतंय. नवरा म्हणतो, सरळ जाऊन विचार. विचारीन! पण आधी सगळं माहीत हवं. अर्धवट माहिती घेऊन गेले की धाकटा बोलण्यात गुंडाळतो. लहानपणापासून तेच. खिडकीची काच त्याने फोडायची आणि शेवटी माफी मी मागायची.

९ मार्च

‘घाई’ टाकला. माहीत नाही का टाकला.

जिन्यात एक बाई. पाठमोरी, एक पायरी खाली, एक हात कठड्यावर, खांद्यावर पिशवी. पिशवीचा पट्टा तुटलेला आणि वायरने बांधलेला. तशी वायर मीच बांधते. दुसरं कोणी पट्ट्याला वायर बांधत नाही.

मलासुद्धा! माझाही फोटो काढला, माझ्या पाठीचा, मला न सांगता, आणि विकायला ठेवला.

आता थांबवेना. चेहरा नाही म्हणून ‘पाठ’ टाकला, आहे. ‘जिना’, आहे. ‘निरोप’, आहे. ‘मुलगी’, नाही. ‘लेक’, नाही. मग हात आपोआप पुढे गेला. ‘पाहुणी’.

आहे. आणि नुसता जिना नाही, आणखी एक. आईच्या घरातली बाहेरची खोली. आई खुर्चीत. मी उभी, बूट पायातच, पिशवी खांद्यालाच, हातात कप. चेहरा कापला गेलाय, मनगटावरचं घड्याळ मात्र मधोमध.

मी ज्या घरात वाढले त्या घरात मी पाहुणी! हा शब्द सुचला तरी कसा त्याला? कीबोर्डवर बोटं फिरवताना एकदाही अडखळला नसेल का?

रडले. लिहायला लाज कसली, रडले.

१० मार्च

ऑफिसमध्ये कोणी बघत नसताना ठिगळात एक ओळ घुसडली — ‘तिसरा मजला’ हे नाव दिसलं की तो फोटो गाळायचा. आता कोणी कोणताही शब्द टाको, आई येणार नाही, मी येणार नाही.

स्वतःच्या यंत्राला खोटं बोलायला शिकवलं. चांगलं जमलं.

११ मार्च

मालक: ‘ती बाई कुठे गेली?’

मी: ‘साइटवरून काढली असेल कोणी.’

मालक: ‘दुसरा शब्द टाक.’

मी टाकत राहिले. बारा-बारा बायका येत राहिल्या आणि मालक मान हलवत राहिले. ‘ही हसतेय. ही दुःखी असल्याचं नाटक करतेय. हिला तर केस करून बसवलंय. ती बाई आण.’

दाढीवाला काहीच बोलत नव्हता. मला वाटलं तो कंटाळलाय.

१२ मार्च

कंटाळला नव्हता. पहिल्याच दिवशीचा कोलाज त्याने जपून ठेवला होता. आज सकाळी टेबलावर मोठा करून पसरला. आईचा चौकोन कापून मधोमध, बाजूने काळी चौकट, वर ओळ — कोणी येणार आहे का?

कामाच्या टेबलावर, गोंदाच्या बाटलीशेजारी, माझी आई. खाली ‘भेटा’ आणि त्या निवासाचा पत्ता.

‘ती माझी आई आहे,’ मी म्हणाले.

छपाईचं यंत्र चालू होतं म्हणून मालकांना ऐकू गेलं नाही. परत म्हणावं लागलं. मोठ्याने. मग सगळ्यांनाच गेलं. दाढीवाल्याने पट्टी खाली ठेवली. मालकांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काय म्हणावं? ‘अगं, मग उत्तमच! परवानगीचा प्रश्नच मिटला!’

माणसाने असं बोलावं? मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच, की हे पोस्टर लागलं तर ठिगळ घेऊन मी घरी बसेन, आणि मग चिकटवत बसा बारा-बारा फोटो हाताने. मालक नरमले. म्हणाले, सोमवारपर्यंत ठरवू, संस्थेला हाच चेहरा पसंत पडलाय, त्यांना काय सांगू?

खाली उतरताना दाढीवाला जिन्यात भेटला. ‘मला माहीत असतं तर…’ म्हणाला आणि वाक्य तसंच सोडून वर गेला. त्याचा काय दोष? पण आता ऑफिसात सगळ्यांना कळलंय, हिची आई एकटी असते आणि तिला कोणी विचारत नाही. उद्यापासून माझ्याकडे बघणारी प्रत्येक नजर तेच म्हणणार.

१५ मार्च, रविवार

गेले होते. नवा हिरवा शर्ट पहिल्यांदा घातला. भांडायला जाताना नवे कपडे! माझं मलाच हसू आलं.

आई दुपारची पडली होती. धाकट्याला बाहेर बोलावलं, जिन्यात. त्याच जिन्यात.

फोनवर एकेक फोटो काढून त्याच्या नाकासमोर धरला. आधी म्हणाला, ‘तुला कुठे सापडले?’ कुठे सापडले म्हणे! मी म्हटलं, सगळ्या शहराला सापडणार होते, बसथांब्यावर. त्याचं तोंड उतरलं. पोस्टरचं त्याला खरंच माहीत नव्हतं, एवढं मानते. पण म्हणून काय झालं?

‘फोटो मी काढले,’ म्हणाला. ‘आईला विचारून काढले.’

‘आणि मला?’

तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडायला लागला.

‘आणि शब्द? विसरलेली? पाहुणी? हे कोणाला विचारून लिहिलंस?’

त्याने दाराकडे बघितलं. मग म्हणाला, ‘ताई, तू आईशी बोल.’

‘आईच्या पदराआड लपू नकोस! मोठा झालास आता!’

‘लपत नाहीये. तू आत जाऊन बस तिच्यापाशी. एकदा नीट बस आणि बोल.’

मला शिकवतो! मी म्हटलं, उद्याच्या उद्या सगळे फोटो काढून टाक, नाहीतर मला भाऊ नाही असं समजेन. माझा आवाज तीन मजले घुमला असेल. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं आणि हळूच बंद झालं.

आत गेले तेव्हा आई उठून बसली होती. किती ऐकलं कोणास ठाऊक. ‘आलीस? टेक जरा.’ म्हटलं, निघायला हवं. ‘चहा?’ म्हटलं, नको. शर्टाचा रंग छान आहे म्हणाली. हो म्हटलं आणि निघाले. काय बोलणार होते तिच्याशी? तुझा पोरगा तुला विकतोय?

खाली थांब्यावर किती वेळ बस नाही. उभ्या उभ्या धाकट्याला मेसेज लिहीत बसले, एकामागून एक, मनात येईल ते. काही पाठवायला नको होते. पाठवले.

१६ मार्च

नवऱ्याने विचारलं, आई कशी आहे. शर्टाचा रंग छान म्हणाली एवढं सांगितलं.

१७ मार्च

धाकट्याचा मेसेज. ‘काढले सगळे.’ बस. दोन शब्द. ना चुकलो, ना सॉरी.

घुसडलेली ओळ तात्पुरती बंद करून खात्री केली. खिडकी, वाट, घाई, पाहुणी. खरंच काही नाही. मालकांनीही संस्थेला कळवलं, तो फोटो आता मिळत नाही. जिंकले म्हणायचं.

१८ मार्च

आईचा फोन आला. सकाळीच, मी बसमध्ये. आणि हाक मारली ती पूर्ण नावाने! पूर्ण नाव म्हणजे लहानपणी मी काहीतरी मोठं फोडलेलं असायचं.

‘माझे फोटो काढून टाकायला तू लावलंस?’

म्हटलं, आई, तुला माहीत नाही तो काय करत होता.

‘मला माहीत नाही? सगळे मी बघितले होते. शब्द मी दिले.’

गर्दीत कोणाचा तरी कोपर लागत होता. मी म्हटलं, काय?

‘तो विचारायचा, आई, याला काय शब्द देऊ? मी चष्मा लावून बसायचे आणि सांगायचे. एवढ्या वर्षांनी कोणी मला शब्द विचारले! त्याला काही सुचत नाही गं. त्याने नुसतं ‘आई’ लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. म्हटलं, शोधणारा असा शोधत नाही. म्हातारीचा फोटो हवा असणारा माणूस कशाने शोधेल? एकटी. वाट पाहणारी. विसरलेली. हसरी म्हातारी कोणाला लागते?’

‘आणि पाहुणी?’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘ते मात्र शोधणाऱ्यासाठी नव्हतं,’ म्हणाली. ‘ते खरं होतं म्हणून.’

मी पुढच्या थांब्यावर उतरले. ऑफिसचा थांबा नव्हता तो.

१८ मार्च, संध्याकाळी

म्हणजे दोघं मिळून! स्टुलावर ती बसणार, कॅमेरा तो धरणार, आणि मग चहा पीत माझ्या पाठीला नावं ठेवणार. आणि धाकट्याने जिन्यात सगळं ऐकून घेतलं, एका शब्दाने स्वतःला वाचवलं नाही. ‘तू आईशी बोल.’ एवढंच. खरं म्हणजे मला त्याचाच जास्त राग यायला हवा. येत नाहीये.

आईवर रागावता येत नाही असं नाही. येतं! आत्ता येतंय! तोंडावर का नाही सांगितलं? जाते तेव्हा ‘टेक जरा’ म्हणते, शर्ट छान म्हणते, आणि साऱ्या जगाला सांगते पाहुणी! धाकट्यावर रागावणं सोपं होतं. तो लहान, तो चुकार, तो काचा फोडणारा. आई विचार केल्याशिवाय शब्द देत नाही. एका पुस्तकाला शब्द द्यायला दिवस दिवस घालवायची.

एक लिहायचं राहिलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘एक नवा टाकायला लावलाय त्याला. मी काढलेला. तो काढून टाकायला लावू नकोस.’

कोणत्या शब्दाखाली, विचारलं.

‘एकच शब्द दिलाय. शोध की. तुला तर शोधायचं यंत्र बनवता येतं.’

१९ मार्च

शोधणार नाही. कशाला शोधू? अजून एक शब्द ऐकायला?

२० मार्च

पोस्टरचा नमुना छापून आला. दुसरी बाई आहे. चष्मा, पांढरी वेणी, हात मांडीवर. मालक म्हणतात ती पहिली होती तशी नाही, पण चालेल. दाढीवाला नमुना बघत उभा होता. म्हणाला, ‘हिची पण कोणी असेल ना कुठल्यातरी ऑफिसात?’ मी कागद गुंडाळून ठेवला.

दुपारी ठिगळातली ओळ उलटी केली. आता ‘तिसरा मजला’ असेल तरच दाखवायचं, बाकी सगळं गाळायचं.

म्हातारी — काही सापडलं नाही. खिडकी — काही सापडलं नाही. एकटी, वाट, दार, जिना, पाहुणी. काही सापडलं नाही. काळ्या खिडकीत तेच वाक्य एकाखाली एक. ते वाक्य मीच लिहिलेलं आहे, ठिगळ बनवताना, पाच मिनिटांत.

२१ मार्च

लेक — नाही. मुलगी — नाही. राग — नाही. भांडण — नाही. माफी — हे टाकताना बोटं जड झाली — नाही. परत ये — नाही. आई — नाही, नाहीच.

म्हणजे मुळात काही टाकलंच नसेल. मला शोधत बसवायला. शिक्षा म्हणून. करू शकते ती, अभ्यास नाही केला की शब्दकोशातला एकच शब्द शोधायला बसवायची आणि तो त्या कोशात नसायचाच.

धाकट्याला विचारावंसं वाटलं. फोन हातात घेतला. त्याच्या नावाखाली माझेच मेसेज दिसले, रविवारचे, थांब्यावरून पाठवलेले, सगळे. वाचवेनात. फोन ठेवला.

शब्द शोधायला येणाऱ्याच्या डोक्यातला असतो म्हणे. माझ्या डोक्यात आहे काय? मला तर तिने केलेल्या आरोपांशिवाय दुसरं काही सुचत नाहीये. आणि आता तर हाकही पूर्ण नावाने मारते. ते दुसरं नाव

२१ मार्च, त्यानंतर लगेच

ठिगळ खुडबुडी.

एकच फोटो सापडला. ठिगळने सवयीप्रमाणे तोच बाराही चौकोनांत भरला.

तिसऱ्या मजल्यावरून खाली काढलेला. तिरका, थोडा हललेला. धाकट्याचा नव्हेच. कडेला निळा पडदा. खाली बसथांबा, रस्ता रिकामा. हिरवा शर्ट. मान फोनमध्ये, अंगठे चाललेले.

बाराही चौकोनांत मी. एकातही वर बघत नाहीये.